त्याले सांग

माझ्या दोन्ही भावांची मला किळस येते. सख्ख्या भावांबद्दल बाईमाणसानं असं बोलू नये, असं कुणी म्हणेल. त्या म्हणणाऱ्यानं एक रविवार आमच्या अंगणात काढावा, मग बोलावं.

मोठा गणपत, त्याला मी दादा म्हणते. धाकटा कवडू, तो मला बाई म्हणतो. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. मी शामला, दोघांच्या मधली. संत्र्याच्या बागा ठेक्यानं घ्यायच्या आणि माल नागपूरच्या बाजारात आणायचा, हा बाबांचा धंदा. बाबा गेल्यावर दोघांनी कामठीच्या लिलावातून मिलिटरीची जुनी जीप आणली, बागेतल्या चिखलातही चालते म्हणून. दादानं परस्पर रंगाऱ्याला बोलावून काचेवर नाव घातलं, ‘गणपतराव आणि बंधू’. कवडू म्हणाला, ‘काहून? बंधूले काय बापानं नाव ठेवलं नव्हतं?’ दादा म्हणाला, ‘पटत नसन तं बोलू नोको माह्यासंगं.’

कवडूनं ते मनावर घेतलं. तेव्हापासून अबोला. घर एक, चूल एक, धंदा एक, जीप एक, आणि मधे निरोप पोचवायला मी. पुष्पलतावहिनी दादाची बायको, म्हणून कवडू तिच्याशीही धड बोलत नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र दोघं एकाच पुडीतून खातात. दादा चिमूट घेऊन पुडी जीपच्या बोनेटवर ठेवतो, तो वळला की कवडू उचलतो. बोलणं बंद, खर्रा चालू. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे सुंभही जळत नाही.

मला पाहायला हिंगण्याहून पाहुणे आले होते. मी पोह्यांचा ट्रे घेऊन मान खाली घालून उभी. मुलाच्या काकांनी विचारलं, लग्न इथंच करून देणार का? दादा मला म्हणतो, ‘शामले, त्याले विचार, मांडवाचं पाहीन का थो?’ कवडू म्हणतो, ‘बाई, त्यायले सांग, मांडव मी घालीन, पण पत्रिकेत माह्यं नाव टाकता का म्हणा.’ जिला पाहायला आलेत तिच्याच तोंडून हे निरोप! पाहुण्यांनी पोहे अर्धे टाकले. पुढेही असंच झालं आणि पाहुणे यायचे बंद झाले.

मग मीच हातपाय हलवले. भिवापूरला मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीची जागा मिळाली. सोमवारी सकाळी हजर नसलात तर दुसरी बाई घेऊ, असं त्यांनी मला स्पष्ट बजावलं होतं. आमचं घर उमरेड रोडलाच, दिघोरीच्या अलीकडे. भिवापूरची एसटी दारावरून जाते. पण दोघा भावांना एकदमच अब्रू आठवली. बहिणीला एसटीनं धाडली तर लोक काय म्हणतील? जीपनंच सोडायची. हेही दोघांनी मला वेगवेगळं येऊन सांगितलं. आणि जीपला ब्रेक लागत नव्हता.

रविवारी जेवणं झाल्यावर काम निघालं. ब्रेकच्या पाइपात हवा शिरली की पेडल नुसतं भसकन दबतं, चाक काही धरत नाही. जुनं ऑइल काढायचं, नवं घालायचं आणि हवा बाहेर काढायची. काम दोघांचं आहे. एकानं सीटवर बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकामागे आडवं होऊन निपल, म्हणजे हवा काढायचा बारका स्क्रू, ढिलं करायचं, म्हणजे नळीतून ऑइल आणि बुडबुडे बाटलीत येतात. निपल पुन्हा घट्ट झाल्यावरच पेडल सोडायचं. आधी सोडलं की बाहेरची हवा परत आत. कुठल्याही दोन माणसांना ‘दाब’ आणि ‘सोड’ एवढं बोलता आलं की पुरे.

दादा सीटवर बसला, कारण मोठा भाऊ खाली मातीत लोळत नाही. कवडू मागच्या चाकाखाली. मी मधे उभी. बाटलीऐवजी वहिनीची लोणच्याची बरणी कवडूनं न विचारता घेतली होती.

‘बाई, सांग, दाबा म्हणा.’

‘दादा, दाब.’

‘दाबला. सांग त्याले.’

‘कवडू, दाबला.’

नळीतून काळं ऑइल आलं. नासक्या एरंडेलासारखा त्याचा वास. कवडूच्या कोपरावरून ते ओघळत होतं, आणि त्याच हातानं त्यानं खर्रा तोंडात टाकला. पेडल तळाला टेकलं तसं दादानं पाय उचलला आणि मग मला म्हणाला, ‘सोडला म्हणा.’ मी वळून सांगेपर्यंत नळीतलं ऑइल गुडगुडत उलटं वर चढलं होतं.

‘बाई, त्यायले सांग, मी सोडा म्हटल्याबिगर सोडू नोका. हवा घुसून राहिली ना वं!’

सांगितलं. दादा म्हणाला, ‘त्याले म्हणा, मले शिकवू नोको.’ तेही सांगितलं. दोघांमधे एक जीपभर अंतर. कवडूचा श्वास दादाला ऐकू येत होता, पण शब्द माझ्या तोंडातून आल्याशिवाय दादा ऐकणार नाही. कवडू ओरडायचा, दादा समोर बघत थांबायचा, मी बोलले की मगच त्याचा पाय हलायचा. कधी तोही धीर सुटून आधीच हलायचा. पुन्हा हवा, पुन्हा पहिल्यापासून. माझी मान इकडून तिकडे फिरून दुखायला लागली.

नवा डबा असाच मातीत गेला आणि एक चाकही धड झालं नाही. रविवार, दुकानं बंद. दादा म्हणाला, ‘त्याले सांग, बरणीतलं गाळून टाक. ऑइल ते ऑइल.’ कवडूनं ते ऐकलंच होतं, तरी माझ्या तोंडाकडे बघत बसला. मी सांगितल्यावर स्वयंपाकघरात जाऊन पुरणाचं फडकं घेऊन आला. ज्या फडक्यानं आम्ही सणाला पुरणाची डाळ निथळतो, त्यातून तो काळा घाणेरडा चिकटा निथळत होता. हे चुकीचं आहे हे कवडूला ठाऊक होतं. पण तसं म्हणायचं तर बोलावं लागलं असतं.

सगळी चाकं कशीबशी झाली. दादानं अंगणातच जीप फिरवून पाहायचं ठरवलं. आमचं अंगण घराकडून फाटकाकडे उतरतं आणि फाटकाशी संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांची थप्पी असते. कवडू त्या पेट्यांजवळ उकिडवा बसून मातीनं हात घासत होता, पाठ आमच्याकडे. मी त्याच्या हातांवर तांब्यानं पाणी ओतत होते. दादानं जीप वर नेली आणि उतारावर सोडली. मधेच त्यानं पेडल दाबलं असणार, कारण त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला. हॅण्डब्रेक त्या जीपला घेतल्यापासूनच नव्हता.

जीप सरळ कवडूच्या पाठीवर येत होती. ‘कवडू’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? हॉर्नही हाताशी होता. दादा घसा फाडून ओरडला,

‘शामले! त्याले सांग! बाजूले हो म्हणा त्याले!’

मी तांब्या टाकला आणि कवडूच्या बखोटीला धरून त्याला ओढलं. आम्ही दोघं चिखलात पडलो. जीप पेट्यांत घुसली, फळ्या कडाकडा मोडल्या आणि ती थांबली.

मला वाटलं, आता तरी. आता दादा उडी मारून येईल, याला छातीशी धरेल, निदान शिव्या तरी घालेल. शिव्या म्हणजेही बोलणंच. दादा उतरला. कवडूकडे त्यानं पाहिलं, तोंड उघडलं, मी पाहिलं ते. आणि मिटलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला,

‘त्याले सांग, निपल त्यानंच ढिलं ठेवलं असन.’

कवडू अजून चिखलातच होता. ‘बाई, त्यायले सांग, गाळलेलं ऑइल कोणाचं डोकं होतं म्हणा.’

दादानं पुडी काढली, चिमूट घेतली आणि पुडी चेपलेल्या बोनेटवर ठेवून वळला. कवडू उठला आणि त्यानं ती उचलली. मला तिथेच भडभडून ओकारी आली.

मी तोंड धुऊन आत गेले. ट्रंक सकाळीच भरून ठेवली होती. वहिनी दारात आडवी झाली. ‘दोन दिवस थांब ना वं. तू गेली तं यायच्या मधात कोण बोलन? मी कोणाच्या तोंडी लागू?’ इतक्या वर्षांत ती माझ्याशी असं गयावया करून कधी बोलली नव्हती. आणि त्यातही मी जाणार याचं तिला काहीच नव्हतं. मी तिच्या बाजूनं निघाले.

अंगणात दोघांनी जीप मागे ढकलून पुन्हा आपापल्या जागा घेतल्या होत्या. दादा सीटवर, कवडू चाकाखाली. खालून त्याला माझे फक्त पाय दिसले.

‘बाई, सांग, दाबा म्हणा.’

‘दादा, दाब,’ मी म्हणाले. सवयच ती.

दादानं पाय रोवला. ‘दाबला. सांग त्याले.’

मी काही सांगितलं नाही. ट्रंक डोक्यावर घेतली आणि मोडक्या पेट्या ओलांडून फाटकाबाहेर पडले. मागून दादाचा आवाज आला, ‘शामले, सांगितलं का त्याले?’ त्याच्यापाठोपाठ चाकाखालून, ‘बाई, दाबला का त्यायनं?’ मी रस्त्यावर पोचले तरी दोघं मलाच विचारत होते.

पाचची एसटी आली. कंडक्टरनं ट्रंक वर ओढून घेतली आणि विचारलं, ‘कुठं जायचं, बाई?’

‘मले भिवापूरले जायचं आहे,’ मी म्हणाले. दुसऱ्या कुणाचा निरोप नसलेलं, दिवसभरातलं माझं ते पहिलं वाक्य होतं.