कुबडामागची चाकोरी

सलग पाच वर्षं दुसरा नंबर येणं म्हणजे काय असतं, ते गुणशीलनला विचारावं. पहिल्या वर्षी लोक पाठ थोपटतात, दुसऱ्या वर्षी धीर देतात, तिसऱ्या वर्षापासून टिंगल सुरू होते. पाचव्या वर्षी क्लबातल्या राममूर्तीने त्याच्या चहाच्या मगावर मार्करने ठळक 'दोन'चा आकडाच काढून ठेवला होता. गुणा हसला, त्याच मगातून चहा प्यायला आणि आतल्या आत धुमसत राहिला. पाम तेलाच्या गिरणीत बॉयलर सांभाळणारा माणूस. वाफ कोंडून धरायची सवय होती त्याला.

त्याला पाचही वर्षं हरवणारा माणूस एकच होता. युंग अंकल, वय एकाहत्तर, खाकी अर्धी चड्डी, रबरी सपाता आणि तोंडात मिठातलं सुकं आलुबुखार.

क्लबचा ट्रॅक जुन्या कथिलाच्या खाणीवर होता. खाण कधीच बंद पडली. मागे उरलं एक हिरवं तळं आणि पांढऱ्या वाळूचे ढीग. त्या वाळूत वळणं आणि उड्या घातल्या होत्या, आणि पार टोकाला एक मोठा उंचवटा होता, त्याला सगळे कुबड म्हणायचे. बग्या म्हणजे हातभर लांबीच्या, रिमोटवर चालणाऱ्या शर्यतीच्या गाड्या. पण त्यांना खेळणं म्हणायची सोय नव्हती. आत खरं इंजिन, पेटलं की कानठळ्या, आणि नडगीवर आदळली तर माणूस आठवडाभर लंगडणार. चालवणारे पत्र्याच्या छपराखालच्या माचाणावर खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. फेब्रुवारी ते सप्टेंबर, महिन्याला एक अशा आठ शर्यती, आणि शेवटी एक लाकडी फिरती ढाल. फिरती ती नावालाच. अकरा वर्षं ती युंग अंकलच्या भिंतीवरून हललेली नव्हती.

क्लबाचा एक नियम मात्र कोणालाच चुकत नसे. स्वतःची फेरी संपली की नारिंगी जाकीट घालून पुढच्या फेरीला मार्शल म्हणून वळणावर उभं राहायचं, आणि उलटलेली बगी पळत जाऊन सरळ करायची. मग ती जिवलग मित्राची असो की दुश्मनाची. टाळलं तर त्या दिवसाचे गुण गेले; सूट फक्त साठी ओलांडलेल्यांना. माईकवर चेगू साल्बिया असायच्या; चेगू म्हणजे मास्तरीणबाई. शाळेत तीस वर्षं कवायत शिकवून निवृत्त झालेल्या बाई, त्यामुळे पन्नाशीचे बाप्येही त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभे राहत.

मार्चमधल्या शर्यतीत चेगूंनी गुणाला नेमकं कुबडामागे उभं केलं.

"चेगू, तिथे सावली नाही हो."

"बॉयलरपाशी कुठली सावली असते? चल, नीघ!"

कुबडामागचा भाग माचाणावरून दिसतच नाही. तिथे सगळेच अंदाजाने चालवतात, म्हणजे वेग कमी करतात आणि देवाचं नाव घेतात. गुणा उन्हात करपत उभा राहिला. बग्या उडी मारून यायच्या, कोणी डावीकडे पडायची, कोणी उजवीकडे. दोन त्याने उचलून सरळही केल्या. मग युंग अंकलची पिवळी बगी आली. वेग कमी न करता आली, हवेतच नाक किंचित खाली केलं आणि चारही चाकांवर टेकून निघून गेली. पुढच्या चकरेला पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या वेळी गुणाचं लक्ष वाळूकडे गेलं.

बाकीच्यांच्या चाकांनी वाळू विसकटून टाकली होती. त्या गोंधळात एकच चाकोरी स्वच्छ दिसत होती, दोन समांतर रेघा, बोटभर खोल. पिवळी बगी दर वेळी त्याच रेघांत उतरत होती. बाजूला वीतभर नाही, बोटभरही नाही. वीस चकरा आणि एकच चाकोरी! जी जागा माणसाला दिसतही नाही, तिथे! आपण पाच वर्षं कशाशी टक्कर घेत होतो हे गुणाला त्या दिवशी कळलं, आणि राग यायचा तो आलाच नाही. हात आपोआप जोडले गेले. मग कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून त्याने ते घाईघाईने जाकिटात घातले.

फेरी संपल्यावर तो अंकलच्या टेबलाशी गेला. अंकल इंजिन पुसत बसले होते. दहा पावलांवरून गुणाने हात वर केला.

"कोण? राममूर्ती का?" अंकलनी विचारलं.

राममूर्ती गुणाच्या दुप्पट जाड, आणि त्याला डोक्यावर एक केस नाही. गुणा जवळ जाऊन स्टुलावर बसला आणि हळूच म्हणाला, "अंकल, तुम्हाला बगी दिसते का हो?"

म्हाताऱ्याने आलुबुखाराची बी थुंकली. "माचाणाच्या पायरीपर्यंत सगळं दिसतं."

"आणि त्यापुढे?"

"त्यापुढे कालवण. जरा लाल, जरा हिरवं. डॉक्टर म्हणतो, डोळ्याचा मागचा पडदा गेला. शिवता येत नाही म्हणे."

"मग चालवता कसे?"

"तू बॉयलर कसा चालवतोस? काटा बघून?"

गुणाने नकारार्थी मान हलवली. वीस वर्षांनंतर काटा कोण बघतं? बॉयलर कण्हला की कळतंच.

"मी एकतीस वर्षं ड्रेजवर, त्या तरंगत्या यंत्रावर, होतो," अंकल म्हणाले. "या तळ्यातलं कथिल आम्हीच उपसलं. रहाटगाडग्यासारखी लोखंडी बादल्यांची माळ, एकेक बादली बैलाएवढी, दिवसरात्र फिरायची. एकशे दहा बादल्या, आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा. सत्तेचाळीस नंबरची खीळ ढिली झाली तर मी झोपेतून उठायचो. त्यापुढे तुमच्या या दहा माश्या काय भुणभुणतात रे? चढावर इंजिन दमतं, हवेत मोकळं होतं, वाळूत घसा खाकरतं. ऐकलं की कळतं."

बोलताना त्यांनी उजवा कान किंचित ट्रॅककडे वळवला होता. तेव्हा गुणाला आठवलं, माचाणावर हा माणूस कायम असाच उभा राहतो. आपल्याला वाटायचं, मिजास आहे.

नियमाप्रमाणे, ज्याला माचाणावरून मार्शलचं नारिंगी जाकीट ओळखता येत नाही त्याने चालवायचं नाही. गुणाने चेगूंच्या कानात एक वाक्य सांगितलं असतं तर ढाल त्याच्या घरी आली असती. घरी त्याने बायकोला सांगितलं. ती वांगी चिरत म्हणाली, "मग सांगून टाक ना. पाच वर्षं माझं डोकं खाल्लंस."

"सांगितलं तर मला कधीच कळणार नाही," गुणा म्हणाला.

"काय कळणार नाही?"

"मी त्याला हरवू शकलो असतो की नाही ते."

पण मार्शलांच्या नडग्यांचा घोर त्याला लागलाच. पुढच्या महिन्यात त्याने स्वतःच्या पैशाने बारा शिट्ट्या आणल्या आणि चेगूंसमोर ठेवल्या. मार्शल ट्रॅकवर उतरला की शिट्टी फुंकेल, म्हणजे सगळे सावध होतील. चेगू खूश झाल्या, राममूर्ती म्हणाला, "दुसरा नंबर आता पोलिसात भरती होणार," आणि युंग अंकलनी तोंडातलं आलुबुखार या गालातून त्या गालात सरकवलं. त्या दिवसापासून शिट्टी वाजली की पिवळी बगी नेमकी त्या जागी हळू व्हायची.

असा तो मोसम सरकला. मे महिन्यात अंकल डॉक्टरकडे अडकले, जूनला त्यांचं इंजिन बसलं. ते दोन पहिले नंबर गुणाच्या पदरात पडले. बाकी सगळीकडे तो आपला दुसरा. सप्टेंबर उजाडला तेव्हा दोघांचे गुण सारखे होते. शेवटची फायनल जो जिंकेल, ढाल त्याची.

आणि नेमकं त्याच दिवशी तळ्यापलीकडे हाजी मुक्तारच्या मुलीचं लग्न निघालं.

सकाळपासूनच मांडवातले कपाटाएवढे दोन भोंगे तळ्याकडे तोंड करून सुरू झाले. कोणी बाई जुनी विरहगीतं गात होती, सुरात कमी आणि जोरात जास्त. माचाणाचा पत्रा थरथरायला लागला. सकाळच्या फेरीत युंग अंकलची बगी चार वेळा उलटली. एकदा तर कुंपणातच घुसली.

"म्हातारा संपला रे," कोणीतरी म्हणालं.

गुणाला आधी आनंद झाला. खोटं कशाला सांगा, चांगला पोटभर आनंद झाला. मग त्याने अंकलकडे पाहिलं. म्हातारा रिमोट छातीशी धरून, मान इकडून तिकडे वळवत, गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखा उभा होता. शिट्ट्याही ऐकू येत नव्हत्या. गुणाला स्वतःची लाज वाटली. पाच वर्षं जे मागितलं ते असं मिळणार असेल, तर ते त्याला नको होतं.

कोणालाही न सांगता तो तळ्याला वळसा घालून लग्नघरी गेला. रेशमी सदऱ्यातले हाजी दारातच भेटले.

"पाक हाजी, एक छोटी विनंती होती..."

"आधी जेवा."

"पाच मिनिटांचं काम आहे हो, हात तेलकट आहेत माझे..."

"उपाशी माणूस मागतो तेव्हा त्याचं भांडण होतं. हात धुवा, बसा."

तुपातला भात, मटणाचं रेंडांग, अननसाची पचडी. दुसऱ्यांदा वाढून घेतल्याशिवाय सुटका झाली नाही. मग हाजींनी शांतपणे सगळं ऐकलं आणि भोंग्यांकडे पाहून उसासा टाकला. "गाते ती माझी थोरली बहीण आहे. तिच्या हातातून माईक काढून घेणं तुमच्या शर्यतीपेक्षा जोखमीचं. वीस मिनिटं देतो. साडेचारपासून. त्यावर एक मिनिट मागू नका."

साडेचारची, पंधरा मिनिटांची फायनल वीस मिनिटांत आरामात बसली असती. पण साडेचारला भोंगे थांबले आणि राममूर्तीचं इंजिन काही पेटेना. पाच-सहा मिनिटं त्यातच गेली. गुणा सारखा घड्याळ बघत होता, आणि कारण कोणाला सांगताही येईना. एकदाचं ते खोकून पेटलं आणि चेगूंनी झेंडा पाडला.

माचाणावर गुणा अंकलच्या शेजारीच उभा होता. शांतता पसरली आणि म्हाताऱ्याचा उजवा कान ट्रॅककडे वळला. पुढची चौदा मिनिटं गुणाने जे पाहिलं ते तो अजून सांगतो, आणि सांगताना दर वेळी आवाज खाली आणतो. पिवळी बगी पुढे, त्याची निळी वीतभर मागे. अंकल जिथे वळत तिथे तोही वळला, कारण दुसरी वाट सुचतच नव्हती, इतकी ती वाट बरोबर होती. कुबडावर त्याने आयुष्यात पहिल्यांदा वेग कमी केला नाही. पिवळी दिसेनाशी झाली, तिच्या पाठोपाठ निळी दिसेनाशी झाली, आणि दोघी एकापाठी एक बाहेर आल्या. भीती वाटायला वेळच नव्हता.

शेवटची चक्कर सुरू झाली आणि भोंगे कडाडले. हाजी शब्दाचे पक्के निघाले, मिनिटभर इकडे नाही की तिकडे नाही. गुणाला एकदम स्वतःचंही इंजिन ऐकू येईना, आणि त्याचं बोट अडखळलं. आता म्हातारा आदळणार, त्याला वाटलं. त्याने कडेने पाहिलं. युंग अंकलनी डोळे मिटून घेतले होते. ओठ हलत होते. ते आपल्या कँटोनीज चिनीमध्ये आकडे मोजत होते, एकेका बादलीला एक आकडा असावा तसे, ठाय लयीत. कुबडाला त्यांनी बोट तिळभरही ढिलं केलं नाही. पिवळी पलीकडे गेली, पलीकडून आली, आणि बगीभर अंतराने जिंकली.

माचाणावर ओरडा झाला. गुणाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते हरल्याचं नव्हतं. असं काही आपल्या हाताच्या अंतरावर घडावं आणि आपण तिथे असावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

ढाल घेऊन झाल्यावर अंकलनी त्याचं मनगट पकडलं आणि बोटं नाकाशी नेली.

"रेंडांग," ते म्हणाले. "तरीच भोंगे गप्प बसले. मूर्खा, गप्प राहिला असतास तर ढाल तुझी होती."

"हो."

"मग?"

"भूक लागली होती, अंकल."

म्हातारा ढाल खाली ठेवायला वाकला. मग म्हणाला, "मला कुबडामागे ने. तिथे काय आहे ते गेल्या चार वर्षांत मी पाहिलेलं नाही."

कोपराला धरून गुणा त्यांना घेऊन गेला. फायनलआधी चेगूंनी वाळू दाताळ्याने सारखी करून घेतली होती. आता तिच्यावर दहा बग्यांच्या खुणांचा पसारा होता, आणि मधोमध ती चाकोरी. गुणाने अंकलना खाली बसवलं आणि त्यांचा हात तिच्यात ठेवला. म्हाताऱ्याची जाड बोटं वाळूवरून हलकेच फिरली. थांबली. पुन्हा मागे आली.

"हा माझा टायर. ठिपक्यांचा," ते म्हणाले. "आणि याच्यावर हा चौकटीचा कोणाचा?"

गुणाने वाकून पाहिलं. त्याच दोन रेघा होत्या, बाजूला बोटभरही नाही, आणि अंकलच्या ठिपक्यांवर दुसरी नक्षी उमटली होती. चौकटीचे टायर क्लबात त्याने एकट्यानेच लावले होते.

"तुझाच ना?" अंकलनी वाळूचा हात चड्डीला पुसला आणि त्याच्या खांद्याचा आधार घेऊन ते उठले. "पुढच्या वर्षी जरा बाजूने चालव. माझी वाट खराब करतोस."