टाकीवरची बैठक

बर्निस कोवाल्चिक यांच्या परसात पुरलेली, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या तेलाची जुनी टाकी काढण्याचे काम गॅरी टेडेस्को या कंत्राटदाराकडे होते. टाकी काढायची, खालची माती तपासायची आणि माती नासलेली निघाली तर ती उपसून न्यायची, ही तिन्ही कामे तोच करी. रोगाचे निदान करणाऱ्यानेच शवपेट्यांचे दुकान चालवावे, तशी ही सोय होती. न्यू जर्सीतल्या त्या गावात कोणाला तिच्यात काही वावगे वाटत नसे.

माती नासलेली ठरली, तर विकायला काढलेल्या घराचे ठरलेले गिऱ्हाईक पळणार होते आणि सफाईच्या खर्चात घरच बुडणार होते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बर्निसना हे पक्के ठाऊक होते.

साडेदहाच्या सुमारास टाकी साखळीने वर आली आणि ताडपत्रीवर आडवी झाली. गॅरीने चेहऱ्यावर सुतकी भाव आणून तिच्या कुशीतले भोक दाखवले. गळती वर्षानुवर्षांची आहे, माती गेली कामातून, असे तो म्हणाला. नगरपालिकेच्या निरीक्षक दोन वाजता येणार होत्या. पण टाकी आत्ताच भंगारात धाडतो, त्यांना फोटो पुरतील, अशीही उदार सूचना त्याने केली.

बर्निसनी एकतीस वर्षे पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात मालाची तपासणी केली होती. गंजाने खाल्लेल्या पत्र्याची कड कागदासारखी पातळ होते. या भोकाची कड जाड होती, आत वळलेली होती आणि नव्या चमच्यासारखी चकाकत होती. खोदयंत्राच्या दाताचे हे काम तासाभरापूर्वीचेही नव्हते.

त्या स्वयंपाकघरातून पायरीचे स्टूल आणि एक टॉवेल घेऊन आल्या, टाकीवर टॉवेल अंथरला आणि वर चढून बसल्या.

"आजी, उतरा. कपडे खराब होतील," गॅरी म्हणाला.

"कपडे माझे आहेत. टाकीही माझीच आहे."

"माझा ट्रक खोळंबलाय हो."

"मग त्यालाही सांग बसायला."

तीन तास गॅरीने विनवणी, विमा आणि पोलीस असे सगळे उपाय करून पाहिले. पोलीस बोलव, साक्षीदार मिळेल, एवढेच बर्निस म्हणाल्या. दुपारी सँडविचही त्यांनी वरच बसून खाल्ले.

निरीक्षक ओडेसा प्रुइट वेळेवर आल्या. त्यांनी भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि गॅरीकडे पाहिले. गॅरीला एकाएकी आठवले की यंत्राचा दात कदाचित लागला असेल. प्रुइटबाईंनी खड्ड्याच्या तळाची माती बरणीत पाण्यात घालून हलवली, वास घेतला, उन्हात धरली. पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता. टाकी शाबूत होती, भोक उकरताना पडले, माती स्वच्छ आहे, असे लिहून त्यांनी सही केली. सहीचा कागद हातात आल्यावरच बर्निस खाली उतरल्या.

गॅरी पुटपुटला, की खड्डा भरायला बाहेरून माती आणावी लागेल, तिचा दर वेगळा.

बर्निसनी त्याच्याच माणसांनी रचलेल्या ढिगाऱ्याकडे बोट दाखवले.

"हीच घालायची. आणि घालशील तू, स्वतःच्या हाताने. मी स्टूल इथेच ठेवतेय."

गॅरीने फावडे उचलले.