स्कोर चांगला आहे

"अंकल, गए हफ्ते में बाहर जाने को तकलीफ हुई क्या? बिलकुल नहीं, थोड़ी, के बहुत?"

"बिलकुल नहीं!" उत्तर एकनाथरावांनी नाही, त्यांच्या सुनेनं, केतकीनं दिलं.

दवाखान्यात समोर टॅब घेऊन बसलेल्या स्रवंतीनं पटकन बोट टेकवलं. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशंटांचं आयुष्य कसं चाललंय, हे मोजायचं तिचं काम. एकनाथरावांचं मूत्राशय डॉक्टरांनी काढून टाकलं होतं. पोटावर थैली चिकटवलेली, लघवी दिवसरात्र तिच्यातच उतरायची.

"थैली लीक होती? बास आती?"

"छे! बाबा इतके टापटीप आहेत ना, कॉलेजातली पोरं लाजतील!"

खरंच होतं ते. आणि बाहेर जायला त्रास कसा होणार? बाहेर जाणंच बंद! आबिड्सच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवता बसवता त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करणारा हा माणूस, आता जिना उतरायचा तो फक्त दवाखान्यासाठी.

पण खरी बोच वेगळीच होती. घरची देवपूजा कायम त्यांच्याकडे. ऑपरेशननंतर मुलगा, मिलिंद, म्हणाला, "बाबा, तुम्ही नका वाकू, मी करतो." झालं! एकनाथरावांनी त्याचा अर्थ आपला आपणच लावला. कितीही आंघोळ केली तरी लघवी अंगाला बांधलेलीच. असल्या अंगानं देवाला कसं शिवायचं? पोरगं बिचारं तोंडावर कसं बोलणार? तेव्हापासून ते हॉलमधल्या खुर्चीतून पूजा बघायचे, आमंत्रण नसलेल्या पाहुण्यासारखे.

केतकी औषधं आणायला गेली, तसे ते पुढे झुकले.

"बेटी, एक पूछूं? ये थैली लगा के भगवान को हात लगाए तो चलता क्या?"

स्रवंतीनं प्रश्न मागे-पुढे सरकवले. झोप होती, प्रवास होता, नवरा-बायकोचंसुद्धा होतं.

"ये सवाल तो इसमें नहीं है, अंकल." मग जरा हळू आवाजात, "मेरे को पूछे तो, हौ, लगाना. घर में पूछो ना एक बार."

घरात! तेच तर होत नव्हतं. विचारलं आणि मिलिंद क्षणभर जरी गप्प राहिला, तर?

"आपका स्कोर बहुत अच्छा है," ती समजूत घालत म्हणाली.

हिमायतनगरच्या त्या दवाखान्याबाहेर केतकीनं फुलं घेतली. "धरा बाबा, मी ऑटो बघते."

"तूच ठेव गं."

"अहो, धरा ना! उद्याच्या पूजेची आहेत. मिलिंद काय, नुसता ओततो देवांवर. तुम्ही कसे एकेक निवडून वाहायचात!"

प्रश्न एकनाथरावांच्या ओठांवर आला. आत्ता विचारावं.

"केतकी…"

"हं?" आणि तिचा फोन वाजला. ऑफिसचा.

मलकपेठेकडे निघालेल्या ऑटोत ती बोलत राहिली. एकनाथरावांनी फुलांची पुडी पोटापासून लांब, हात ताठ करून धरली होती. चादरघाटचा पूल आला तरी हात तसाच.

"बाबा, हात भरून येईल. मांडीवर ठेवा की," फोनवर तळवा ठेवून केतकी म्हणाली.

"असू दे," ते म्हणाले, आणि पुडी आणखी थोडी वर धरली.