शनीच्या कड्यातली फट

मी पिंपरीची एक दुर्बीण बोलतेय. नळी पत्र्याची, पाय सागाचे आणि तळाशी सहा इंची आरसा. त्या आरशातच माझा जीव.

मला वजीर तांबोळींनी घडवलं. ते इथल्याच एका कारखान्यात लेथवर मापात लोखंड कापायचे. शेजारच्या शिक्षिका कुसुमताईंनी त्यांना एकदा सांगितलं, की इटलीतल्या गॅलिलिओला शनीला दोन कान असल्यासारखे दिसले होते. पुढे पासष्ट वर्षांनी त्याच देशात जन्मलेल्या कॅसिनीला शनीच्या कड्यात बारीक काळी फट दिसली. ती फट पाहायचं वजीरभाईंनी मनावर घेतलं. घाई होती. नजर वर्षभरच टिकेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

१९५७च्या दिवाळीत मी उभी राहिले. संध्याकाळी वजीरभाईंनी डोळा लावला.

"कानच दिसत्यात," ते म्हणाले. "आरशाचा खोलगटपणा नेमका न्हाई. पुन्हा घासायचा."

पण उन्हाळ्यापर्यंत त्यांची नजर गेली, कामही सुटलं. तेव्हा त्यांच्या बायकोनं, बिल्किसनं पदर खोचला. ती पिंपावर आरसा मांडून घासायची आणि वजीरभाई शेजारी बसून आवाज ऐकायचे.

"थांब. कडेला जोर पडतोय."

पावसाळा सरला. आरशाला पुन्हा चांदीचा मुलामा चढला. बिल्किसनं डोळा लावला.

"दिसली?"

"न्हाई."

कुसुमताई तिच्या कानाशी लागल्या, "दिसली म्हणा हो. तेवढंच बरं वाटेल त्यांना."

"जल्मभर मापाचं काम केलंय त्यांनी," बिल्किस म्हणाली. "त्यांना खोटं कसं सांगू?"

मुलामा उतरवून तिनं आणखी सतरा दिवस मला घासलं. हाताला घट्टे पडले. मग एका निवांत संध्याकाळी ती ओरडलीच, "हाय! सुईनं रेघ मारल्यावानी, दोन्ही बाजूंनी!"

"पुन्हा बघ."

तिनं पुन्हा पाहिलं. मग हातातल्या दोन बांगड्या उतरवल्या, मोठीच्या आत लहान ठेवली आणि वजीरभाईंचं बोट मधल्या फटीवर टेकवलं. त्यांनी ते सावकाश गोल फिरवलं. एकदा, दोनदा.

"बारीक हाय," ते म्हणाले, आणि हसले.

आता मी कुसुमताईंच्या शाळेत असते. शेजारच्या रहाटणी गावातल्या शाळेसाठी बिल्किस दुसरा आरसा घासतेय. शनी बघायला येणाऱ्यांना माझी एकच विनंती, आरशाला बोट लावू नका. आणि आज आभाळ भरलेलं असेल, तर उद्या या.