एका वॉशरचा मान

माईच्या गाडीचं इंजिन भर चढावर राम म्हणालं. एकतीस वर्षं त्याने तक्रारीचा सूर काढला नव्हता, म्हणून माईने त्याला मनातल्या मनात नमस्कार केला आणि मागच्या गाड्यांचे भोंगे शांतपणे ऐकत बोनेट उघडून उभी राहिली.

लेकीला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. पण घरात दोन माणसं अशी होती की मेलेलं इंजिन बघून त्यांच्या तोंडाला पाणी सुटावं. एक अण्णा, म्हणजे माईचे यजमान. सगळा जन्म कारखान्यात लेथवर लोखंड कातण्यात काढून निवृत्त झालेले. लोखंडाचा तुकडा तळहातावर तोलून "अर्धा सूत जास्त आहे" म्हणायचे, आणि तो बरोबर अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भागच, जास्त निघायचा. दुसरा जावई. त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, हातात कला होती, आणि सासऱ्यांबद्दल इतका आदर होता की त्यांच्यासमोर तो शिंकायलासुद्धा बाहेर जायचा.

दोघांनी मिळून एका अलीकडच्या गाडीचं इंजिन आणलं आणि म्हाताऱ्या गाडीच्या पोटात बसवलं. त्याच्याबरोबर पॉवर स्टीअरिंगचा पंप आला. खरं तर सगळा खटाटोप त्या पंपासाठीच होता. माईचा उजवा खांदा जखडला होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, जड स्टीअरिंग आता विसरा. पंप चालला तर चाक एका बोटाने फिरणार होतं. नाही चालला तर माईचं गाडी चालवणं संपलं. पंप इंजिनाला धरून ठेवणारं ब्रॅकेट अण्णांनी स्वतः घडवलं. आठ दिवस घासत होते. माईला त्या आठ दिवसांत घरात नवऱ्याचा आवाज ऐकू आला नाही, त्यामुळे तिचं नामस्मरण फार छान झालं.

आणि मग गाडी सुरू केली, तर बेल्ट किंचाळायला लागला.

तसं प्रकरण साधं असतं. इंजिनाच्या खालच्या मोठ्या पुलीवरून बेल्ट वर पंपाच्या पुलीवर जातो. दोन्ही पुल्या एका रेषेत असल्या की गुमान फिरतो. एखादी जरा पुढे-मागे असली की ओरडतो, आणि फारच वाकडं झालं तर सटकून जातो. सोमवारी तो नुसता ओरडला. मंगळवारी वळणावर इतका ओरडला की शेजारच्या शिंपीणबाईंनी मशीन थांबवून विचारलं, कुणाला लागलं का. बुधवारी पोस्टाच्या कोपऱ्यावर तो उडालाच, आणि चाक माईच्या हातात दगडासारखं झालं. खांद्यातून अशी कळ आली की तिने गाडी कडेला घेतली, किल्ली काढली आणि चालत घरी आली. गाडी मागाहून जावयाने ओढून शेडमध्ये आणली आणि बेल्ट परत चढवला.

लेक वाटच बघत होती. टॅक्सी कशाला असतात, गाडीला गिऱ्हाईक आहे, खांदा निकामी करून घ्यायचाय का, असं सगळं एका दमात बोलून झालं. माईने ऐकून घेतलं. शनिवारी अकरा वाजता आक्काला, तिच्या थोरल्या बहिणीला, इस्पितळातून घरी सोडणार होते. कमरेचं हाड बसवलेलं. फोनवर आक्का म्हणाली होती, तुझ्याच गाडीत बसेन, तिचं दार रुंद आहे आणि तू खड्डे चुकवतेस.

"शनिवारी आक्काला मी आणलं नाही, तर किल्ली तुझ्या हातात देईन," माई म्हणाली. "मग गिऱ्हाईक आण नाहीतर भंगारवाला आण."

माई शब्द देत नसे. दिला की तो दगडावरची रेघ, हे लेकीला ठाऊक होतं.

आता माईचे नेम बरेच होते. पहाटे उठायचं, एक वेळ अळणी जेवायचं, कुणाला उणं बोलायचं नाही. पण सगळ्यांत कडक नेम होता तो म्हणजे एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. तरुणपणी तिने एका जावेचं एक वाक्य दुसऱ्या जावेला सांगितलं होतं, अगदी सहज, भाजी चिरता चिरता. त्या दोघी तीन वर्षं बोलल्या नाहीत. तेव्हापासून तिच्या कानात पडलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं सगळं तिच्याच पोटात राहायचं. लेक म्हणायची, आई म्हणजे बिनकिल्लीचं कपाट.

आणि नेमकं याच आठवड्यात त्या कपाटात काय येऊन पडावं!

स्वयंपाकघराची खिडकी गाडीच्या शेडकडे उघडते. पहाटे माई डोळे मिटून बसायची, आणि मिटलेल्या डोळ्यांनाही कळायचं की अण्णा चोरपावलांनी शेडमध्ये गेले. ते स्टीलची पट्टी दोन्ही पुल्यांच्या तोंडावर, म्हणजे पुढच्या सपाट बाजूवर, टेकवायचे, मान हलवायचे, ब्रॅकेट सैल करायचे आणि पंप पुढे यावा म्हणून प्रत्येक बोल्टमागे एकेक वॉशर, म्हणजे लोखंडी चकती, सरकवायचे. मग हात पुसून पेपर वाचायला बसायचे.

संध्याकाळी गॅरेज बंद करून जावई यायचा. अण्णा फिरायला गेले की तो वाकून बघायचा, उसासा टाकायचा आणि प्रत्येक बोल्टमागचा एकेक वॉशर काढून खिशात घालायचा. एकेक मात्र तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा परत घालायचे.

गुरुवारी हे चौथ्यांदा झालं तेव्हा माईला नामस्मरणात हसू आलं आणि तिने लगेच देवाची क्षमा मागितली. दोघांपैकी बरोबर कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी सांगता आलं नसतं. एकाला सांगावं तर दुसऱ्याची चहाडी, आणि न सांगावं तर किल्ली जाते. रात्रभर तिने या कुशीवरून त्या कुशीवर केलं, तेही डाव्याच कुशीवर जास्त, कारण उजवी दुखत होती. सकाळी तिला सुचलं की एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, पण दोघांना एका जागी उभं करायला नेमाची काही हरकत नाही.

शुक्रवारी दुपारी तिने जावयाला चहाला बोलावलं आणि चहा शेडमध्येच नेला. बरोबर शिवणाच्या डब्यातली पांढऱ्या दोऱ्याची रीळ.

"मला शिकवा," ती म्हणाली. "माझी गाडी आहे. ती सरळ आहे की वाकडी, एवढं तरी मला कळायला हवं. अहो, तुम्ही खालचं टोक धरा. जावईबापू, तुम्ही वरचं."

जावई म्हणाला की पट्टीने अण्णांनी बघितलंच असेल. अण्णा म्हणाले की जावईबापूंनी बघितलंय म्हणजे झालं. असा पाच मिनिटं 'आधी तुम्ही, आधी तुम्ही'चा कार्यक्रम झाला, चहा निवला. माई दोऱ्याचं टोक धरून उभीच होती. शेवटी दोघांनीही हात पुढे केले.

दोरा खालच्या पुलीच्या खाचेत नीट बसला. ताणून वर नेला, तर वरच्या पुलीच्या खाचेत शिरेना. खाच पुढे होती. चांगली दोन वॉशर पुढे.

अण्णांनी खिशातली पट्टी काढली, पुल्यांच्या तोंडावर टेकवली. तोंडं अगदी एका रेषेत. परत दोरा बघितला. मग खालच्या पुलीच्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला.

"हिची कड जाड आहे," ते हळूच म्हणाले. "मी तोंडं जुळवत बसलो. बेल्ट तोंडावर फिरत नाही, खाचेत फिरतो. एवढं कळू नये मला?"

मग त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. पहिल्याच दिवशी पट्टी लावली तेव्हा वरची पुली मागे दिसली. वाटलं, ब्रॅकेट चुकलं. आयुष्यात पहिल्यांदा माप चुकलं, हात गेला आपला. सांगायची लाज वाटली, म्हणून चोरून दोन-दोन वॉशर घातले. पण जावईबापू विसराळू, तपासायला बोल्ट उघडले की एकेक वॉशर परत घालायला विसरायचे, म्हणून रोज भर घालावी लागे.

जावई लालबुंद झाला. खिशातून त्याने वॉशर काढले आणि तळहातावर धरले.

"विसरत नव्हतो, अण्णा. काढत होतो."

"मग दोन्ही का नाही काढलेस?" अण्णा घाईत त्याला अरे-तुरे करून बसले. लेकीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, हे पहिल्यांदाच.

"एक तुमच्या मानाखातर ठेवला होता."

माईने पदर तोंडाला लावला. म्हणजे बेल्ट चार दिवस ओरडत होता तो या मानापायी. अर्धा सूत जाडीचा मान, तोही लोखंडी!

"अण्णा, ब्रॅकेट पहिल्यापासून बरोबर होतं," जावई खाली बघत म्हणाला. "तुमचा हात चुकलेला नाही. चुकली ती पट्टी. आणि मी बोललो नाही, हे माझं चुकलं."

अण्णांनी पाना उचलला, बोल्ट सैल केले आणि सगळे वॉशर स्वतः काढले, मानाचेसुद्धा. जावयाने ब्रॅकेट दाबून धरलं. बोल्ट आवळल्यावर माईने दोरा ताणला. तो खालच्या खाचेतून निघाला आणि वरच्या खाचेत असा जाऊन बसला, जसं लेकरू आईच्या कुशीत. अण्णा बराच वेळ त्या ब्रॅकेटवरून हात फिरवत राहिले. निवलेला चहा दोघांनी मिटक्या मारत प्यायला, आणि आणखी मागितला.

इंजिन सुरू केलं. माईने चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, डाव्या हाताच्या एका बोटाने. बेल्टने हूं की चूं केलं नाही. शिंपीणबाईच खिडकीतून डोकावल्या, आज आवाज कसा नाही, गाडी विकली की काय म्हणून.

शनिवारी अकराला पाच कमी असताना माईने गाडी इस्पितळाच्या दारात लावली. आक्काला दोन परिचारिकांनी अलगद आत बसवलं. पोस्टाचा कोपरा आला, माईने बोटाने चाक वळवलं, एक खड्डा डावीकडून टाळला, दुसरा उजवीकडून. आक्का खूश झाली आणि तिने लगेच नाक खुपसलं.

"काय गं, बेल्टचं काय झालं होतं म्हणे? कुणाची चूक?"

"मी सांगायची नाही," माई म्हणाली आणि गिअर बदलला. "अण्णा भेटतील घरी. त्यांनाच विचार. आजकाल ते स्वतःच सगळ्यांना सांगत सुटलेत."