क्रांतीच्या वाटणीचे बेदाणे

आमच्या पलूसच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा सर्वांत चांगला हंगाम कुठला, असं कुणी विचारलं की मी सांगतो, जो मी पाहिला नाही तो. सर्वांत वाईट हंगाम मात्र मी पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत पाहिला. आता याला नशीब म्हणा की अक्कल, दोन्हींत दोष माझाच आहे.

मी जवाहर. पलूसला माझा बेदाण्याचा व्यापार आहे. गाव मला तोंडावर अण्णा म्हणतं आणि पाठीमागं तापट म्हणतं. दोन्ही खरं आहे. कृष्णाकाठ मंडळाच्या मुली खेळायला लागल्या तेव्हापासून, म्हणजे सोळा वर्षं, मी त्यांचा एकही सामना चुकवला नव्हता. पहिल्याच वर्षी एका सामन्यात एक पोर चक्कर येऊन खाली बसली. माझ्या खिशात गिऱ्हाइकाला दाखवायची नमुन्याची पिशवी होती, मी तिला मूठभर बेदाणे दिले. पोर उठली, खेळली आणि आम्ही जिंकलो. तेव्हापासून हाफटाइमला बाराही मुलींच्या हातावर मूठमूठ बेदाणे ठेवायचे, तेही माझ्याच हातानं, हा रिवाज पडला. आलेल्या गेलेल्या सगळ्या पोरींनी तो पाळला.

त्यातली क्रांती ही मानसिंग हवालदारांची मुलगी. मानसिंग फौजेतून निवृत्त होऊन ऊस लावतात. पोरगी सातवीत असताना मैदानावर आली, तेव्हा चेंडू तिच्यापेक्षा मोठा दिसायचा. पुढं अशी तयार झाली की समोरच्या संघाच्या दोघी दोघी तिला धरून असायच्या. फ्री थ्रो घ्यायची तिची एक पद्धत होती. चेंडू तीन वेळा जमिनीवर आपटायचा, मग उजवा तळवा चड्डीला पुसायचा, आणि मग मारायचा. मी तिला पोटच्या पोरीसारखं मानत होतो. म्हणून तर जीभ सुटली. परक्यावर माणूस एवढा चिडत नाही.

जिल्ह्याचा अंतिम सामना दर वर्षी माघी पौर्णिमेला सांगलीत होतो. आसपासच्या जिल्ह्यांतलेही संघ येतात. त्या वर्षी समोर फलटणच्या मुली होत्या. चार सेकंद उरले होते, आम्ही एका पॉइंटनं मागं, आणि क्रांतीला दोन फ्री थ्रो मिळाले. एक गेला असता तर बरोबरी, दोन गेले असते तर चषक. पहिला रिंगला लागून बाहेर आला. दुसरा तर रिंगलाही लागला नाही.

मी उभा राहिलो आणि ओरडलो, ‘‘घरी जा नि भाकऱ्या थाप!’’

सगळ्या मैदानानं ऐकलं. क्रांतीनं वर बघितलंसुद्धा नाही.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर चार दिवसांत सगळं निवळलं असतं. पण तिसऱ्या दिवशी पायी विहार करत एक जैन मुनी महाराज गावात आले. प्रवचन झाल्यावर आमच्याकडे नियम घ्यायची पद्धत आहे. माणसानं आपल्याला प्रिय असलेलं काहीतरी काही काळासाठी सोडायचं, आणि एकदा तोंडातून शब्द गेला की मोडायचा नाही. समोरचे एकेक जण हात जोडून उठत होते. कुणी कांदा सोडला, कुणी बटाटा सोडला, एका बाईनं वांगं सोडलं. माझी पाळी आली तेव्हा डोक्यात अजून ते दोन फ्री थ्रोच होते. मी म्हणालो, ‘‘मानसिंगची क्रांती संघात हाय तोवर मी मैदानात पाऊल ठेवणार न्हाई.’’

महाराज शांतपणे म्हणाले, ‘‘नियमाला काळ असावा.’’

‘‘एक वर्ष.’’

‘‘नुसतं जाणार नाही, की पाहणारही नाही?’’

‘‘पाहणारबी न्हाई,’’ मी ठसक्यात म्हणालो.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. घरी आल्यावर माझी सून ब्राह्मी हिनं पंचांग काढलं. तिचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का असतो. ‘‘अण्णा, तुमचा नियम पुढच्या माघात वद्य द्वितीयेला सुटणार. फायनल पौर्णिमेला. म्हणजे पुढचा सगळा हंगाम गेला, नि दोन दिवसांपायी फायनलबी गेली.’’

हे मला बोलायच्या आधी सुचायला हवं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

आणि नेमका तोच हंगाम आमचा सोन्याचा निघाला. दिवाळीनंतर सामने सुरू झाले. पलूसचं मैदान माझ्या दुकानामागं हाकेच्या अंतरावर आहे. मी गल्ल्यावर बसून नुसता गलका ऐकायचो. आपल्या लोकांचा ओरडा वेगळा असतो, तो सोळा वर्षांनी कळतो. पहिला सामना जिंकला, दुसरा जिंकला, विट्यात जाऊन तिसरा जिंकला. ब्राह्मी म्हणाली, मोबाइलवर काढून आणते, घरात बसून बघा. मी नको म्हटलं. पाहणार नाही म्हणजे पाहणार नाही.

बेदाणे मात्र चुकवले नाहीत. ते ब्राह्मीच्या हाती द्यायचो. पहिल्या सामन्यानंतर ती परत आली आणि पिशवी पुढं ठेवली. तळाला मूठभर राहिले होते.

‘‘क्रांतीनं घेतलं न्हाईत. हात मागं बांधून उभी राहिली.’’

मला राग आला. मग राग कुणावर धरायचा ते कळेना. तेवढे बेदाणे मी कागदाच्या पुडीत बांधले आणि पत्र्याच्या डब्यात टाकले. पुढच्या वेळी क्रांतीची पुडी वेगळीच बांधून पाठवली, म्हणजे अण्णा विसरला असं तिला म्हणता येऊ नये. ती पुडी तशीच परत आली. तिसरीही आली. संघ जिंकत होता आणि माझ्या डब्यात पुड्या साठत होत्या.

‘‘अण्णा,’’ एकदा ब्राह्मी म्हणाली, ‘‘पुड्या बांधण्यापरास जाऊन चुकलं म्हणा की.’’

‘‘नियम सुटल्यावर जाईन.’’

‘‘नियम मैदानाचा हाय. तिच्या घराचा न्हाई.’’

बरोबर बोलत होती. पण मानसिंगांच्या दारात जाऊन एकोणीस वर्षांच्या पोरीपुढं चुकलो म्हणायला माझी छाती होत नव्हती. ओरडायला छाती लागत नाही, नुसता घसा लागतो, हे मला त्या वर्षी समजलं.

दहा सामने जिंकून मुली अंतिम सामन्याला सांगलीत गेल्या. समोर पुन्हा फलटणच. मला घरी राहवेना. मुलींच्या जीपमागं माझी गाडी घेऊन गेलो आणि मैदानाच्या कुंपणभिंतीला पाठ लावून बाहेर बसलो. शेजारी रसवंती होती. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून डबा उघडून मांडीवर घेतला, पण घास तोंडापर्यंत जाईना. आत कोण मागं, कोण पुढं, काही कळत नव्हतं. एकदा आपले ओरडायचे, एकदा त्यांचे.

मग एकदम सगळं शांत झालं. फक्त रसवंतीचे घुंगरू वाजत होते.

‘‘गड्या, चरक बंद कर जरा,’’ मी म्हणालो. माझा चेहरा बघून त्यानं केला.

भिंतीपलीकडं चेंडू आपटला. एक, दोन, तीन. मग तळवा पुसायला लागतो तेवढा वेळ गेला. मी डोळे मिटले. आपल्या लोकांचा गलका झाला. पुन्हा शांत. पुन्हा एक, दोन, तीन. या वेळी जो आवाज उठला तो ऐकून रसवंतीवाला गिऱ्हाईक सोडून भिंतीवर चढला आणि मला म्हणाला, ‘‘आवं बाबा, बसलाय काय? पलूसच्या पोरीनं मारलं की!’’

मी भिंतीला पाठ लावून रडलो. एका भिंतीपलीकडं माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण होऊन गेला आणि मी तो पाहिला नाही. दिवस मावळला होता, डबा तसाच झाकला. हाफटाइमला ब्राह्मीच्या हाती पाठवलेली अकरावी पुडीही परत आली होती.

नियम दोन दिवसांनी सुटला. त्याच आठवड्यात क्रांतीला राखीव पोलीस दलात खेळाडू म्हणून बोलावणं आलं. ती निघाली तेव्हा निम्मं गाव एसटी स्टँडवर होतं. मीही डबा काखेत घेऊन गेलो होतो. ती सगळ्यांच्या पाया पडली, माझ्याही पडली. ‘‘येते अण्णा,’’ म्हणाली. आवाजात गोडवा नव्हता, कडूपणाही नव्हता. एवढ्या लोकांत माझं तोंड उघडलं नाही. गाडी गेली आणि डबा काखेतच राहिला.

भाद्रपदात पर्युषण संपून क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी आम्ही सगळे एकमेकांची क्षमा मागतो. हल्ली ते मोबाइलवर होतं. मीही फुलांचं चित्र आणि हात जोडलेला मजकूर एका दमात सगळ्यांना पाठवला. त्या सगळ्यांत क्रांतीचा नंबर होता. तिचं उत्तर आलं, एक अंगठा.

ब्राह्मीनं ते वाचलं आणि म्हणाली, ‘‘दुधवाल्याला जे पाठवलं तेच तिला पाठवलं, मग आणि काय येणार?’’

त्यानंतरचा हंगाम म्हणजे सर्वांत वाईट. क्रांती गेली, आणखी तिघी लग्न होऊन गेल्या. नवी कप्तान साक्षी जीव तोडून पळायची, पण एकटी किती पळणार? नऊ सामने, नऊ हार. विट्याच्या पोरींनी आम्हाला ऐंशी–एकतीस असं धुतलं. लोक यायचे बंद झाले. पायऱ्यांवर मी, मानसिंग हवालदार आणि एक कुत्रं. मी एकदाही ओरडलो नाही. हाफटाइमला उतरून बाराही हातांवर बेदाणे ठेवायचो आणि परत जागेवर येऊन बसायचो. हरणाऱ्या पोरींचे हात थंड असतात, हेही मला नव्यानंच कळलं.

शेवटचा सामना फलटणला होता. आदल्या दिवशी मानसिंग म्हणाले, ‘‘अण्णा, क्रांती सुट्टीवर आलीया. उद्या येणार हाय मॅचला.’’ मी रात्रीच डबा पिशवीत घातला.

ती आली, बापाशेजारी पायरीवर बसली. केस बारीक कापले होते, खांदे रुंद झाले होते. हाफटाइमला आम्ही सत्तावीस पॉइंटांनी मागं होतो. मी खाली जाऊन मुलींना बेदाणे दिले, मग डबा घेऊन पायऱ्या चढलो. गुडघे दुखत होते. आजूबाजूला फलटणचे पन्नासेक लोक होते. ओरडलो होतो तेव्हा त्याहून जास्त होते, म्हणून मी आवाज खाली केला नाही.

‘‘क्रांती, मी चुकलो. भाकऱ्या थाप म्हणालो ते चुकलं. महाराजांपुढं तुझं नाव घेतलं ते त्याहून चुकलं.’’

मानसिंग उठून पाणी प्यायला गेले. समजूतदार माणूस आहे.

क्रांती मैदानाकडंच बघत होती. ‘‘भाकऱ्याचं मला एवढं न्हाई वाटलं, अण्णा. फ्री थ्रो चुकलं, तुमी वरडला. वरडत्यात माणसं. पण लोकांनी कांदा सोडला, बटाटा सोडला, नि तुमी मला सोडलं. आजून गावात कुणी कांदा चिरला की माझं नाव घिऊन हसत्यात.’’

मी डबा उघडून तिच्यापुढं धरला.

‘‘ह्ये काय?’’

‘‘तुझ्या वाटणीचे. अकरा मॅचचे.’’

तिनं बोटानं पुड्या मोजल्या. ‘‘सगळ्या ठिवल्या?’’

‘‘सगळ्या.’’

तिनं वरची एक पुडी उचलून सोडली. ‘‘काळं पडल्यात.’’

‘‘दुकानातच ठेवले, कोल्ड स्टोरेजला टाकायला पायजे होते. पण चवीला चांगले हायत.’’

तिनं एक बेदाणा तोंडात टाकला, मग दुसरा. एकेक करून पुडी संपवली. कागदाची घडी करून तिनं खिशात घातली. मी दुसरी पुडी पुढं केली, तर तिनं माझ्या हातातल्या डब्याचं झाकण लावलं.

‘‘आज एक बास. लय राग हाय माझा, एका दिवसात जायचा न्हाई. दुसरी पुढल्या सुट्टीला.’’

मग जराशी सरकली आणि मला बसायला जागा केली.

खाली शिट्टी झाली, सामना सुरू झाला. साक्षीला फ्री थ्रो मिळाला आणि तिनं तो चुकवला. क्रांतीनं तिरक्या नजरेनं माझ्याकडं बघितलं. ‘‘असू दे पोरी, चुकत्यात,’’ मी ओरडलो. आम्ही चौतीस पॉइंटांनी हरलो.

क्रांतीला वर्षातून दोनदा सुट्टी मिळते. दहा पुड्या उरल्यात, म्हणजे पाच वर्षं. मी अडुसष्ट वर्षांचा आहे. परतीच्या वाटेवर गाडी थांबवून मी ब्राह्मीला फोन लावला आणि सांगितलं, कोल्ड स्टोरेजमध्ये एका डब्यापुरती जागा बघून ठेव.