पडून असलेली कामं

नासिमियूने एन्टर दाबलं आणि चहाचा मग दोन्ही हातांत धरून ती खुर्चीत मागे टेकली. पडद्याच्या डाव्या अंगाला काळी खिडकी होती. तिच्यात हुकूम लिहायचा, की उजवीकडचा ब्राउझर आपणहून कामाला लागायचा. आताही कुणाचा हात न लागता पानं उघडत होती, रकाने भरत होते, बटणं दाबली जात होती.

तिने लिहिलं होतं, ‘पडून असलेली सगळी कामं आज निकाली काढ. मध्ये मध्ये विचारू नकोस.’

शेवटचं वाक्य वैतागातून आलं होतं. महिन्यापूर्वी बसवलेला हा एआय मदतनीस सुरुवातीला फारच भिडस्त. प्रत्येक बटणापाशी थांबून ‘दाबू का?’ म्हणायचा, आणि बाकावर गिऱ्हाईक ताटकळायचं. किमिलिली गावाच्या बाजारात धड चालणारं सायबर कॅफे तिचं एकटीचं. म्हातारी माणसं आपली सरकारी खाती तिच्याच ब्राउझरवर उघडी टाकून जात आणि फोन नंबरही तिचाच देत. पडताळणीचे आकडे तिच्या फोनवर यायचे. गेल्या आठवड्यात तिने फोनसुद्धा मदतनीसाला जोडून दिला. आता तिच्यावाचून काही अडत नव्हतं, आणि या गोष्टीचं तिला मोठं कौतुक होतं.

काळ्या खिडकीत भराभर ओळी पडल्या. जन्माचा दाखला, पूर्ण. मोटरसायकलचा परवाना, पूर्ण. सत्तावीसपैकी सत्तावीस, पूर्ण.

ती खुशीत वर सरकत वाचू लागली आणि एकोणिसाव्या ओळीवर थांबली.

‘खाएम्बा. जमीन मुलाच्या नावे करण्यास संमती. दिली.’

हातातला मग टेबलावर ठेवताना चहा सांडला. तो पुसायचंही तिला सुचलं नाही.

खाएम्बा म्हातारे, सगळे त्यांना कुका म्हणजे आजोबा म्हणत. त्यांच्या मुलाचा, सितातीचा, अर्ज चार महिने त्यांच्या खात्यात पडून होता. घराखालचा जमिनीचा तुकडा नावावर करून घ्यायचा आणि पेट्रोल पंपवाल्यांना विकायचा, असा त्याचा बेत. त्याच तुकड्यात आंब्याखाली कुकांची बायको नाबालायो पुरलेली होती, आणि तिच्या शेजारची जागा कुकांनी स्वतःसाठी राखली होती. पानावर दोन बटणं होती, होकाराचं आणि नकाराचं. कुका एकालाही हात लावू देत नसत. बापाने मुलाला तोंडावर नाही म्हटलं की तो शाप होऊन बसतो, असं त्यांच्या घरात मानत. बाप गोष्ट नुसती पडून राहू देतो आणि मुलाने काय ते समजायचं असतं. दर सोमवारी ते यायचे, बाकावर बसायचे आणि विचारायचे, “आहे ना पडून?” ती म्हणायची, “आहे.” मग ते निवांत घरी जायचे.

पडून असणं हाच त्यांचा नकार होता. हे नासिमियूला इतकं ठाऊक होतं, की मदतनीसाला सांगायला हवं हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

तिने लिहिलं, ‘एकोणीस मागे घे.’

उत्तर लगेच आलं. ‘इथून मागे घेता येत नाही. संमती देणाऱ्याने आज पाच वाजायच्या आत बुंगोमाच्या कचेरीत, अर्जदारासमक्ष, तोंडी नकार नोंदवावा. दोघांना कळवले आहे.’

टेबलावर तिचा फोन थरथरला. कुकांना धाडलेला निरोप तिच्याच नंबरवर आला होता.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. वार सोमवार. बाहेर पायरीवर काठी वाजली.

“काय गं पोरी, तुझा बिनपगारी कारकून आहे ना जाग्यावर?” कुका हसत आत आले आणि बाकावर टेकले. “आमचं आहे ना पडून?”

खोटं बोलणं किती सोपं होतं! तोंडावर आलेलं ‘आहे’ तिने कसंबसं गिळलं.

“नाही, कुका. माझी चूक झाली. मी सगळी कामं उरकायला सांगितली, त्यात तुमचाही होकार गेला.”

कुका पडद्याकडे बघत राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं.

“माझा होकार? मी तर इथे नव्हतोच.”

“तुमचं खातं उघडं होतं. आकडा माझ्या फोनवर आला. त्याने घेतला.” तिचे शब्द एकमेकांवर आदळत होते. “पण वेळ आहे अजून. बाहेर भाड्याचा मोटरसायकलवाला उभा आहे. बुंगोमाला तासाभरात पोचू. तुम्ही फक्त साहेबापुढे नाही म्हणायचं.”

“सिताती असेल तिथे?”

“त्याला बोलावतील.”

“त्याच्याकडे बघून म्हणावं लागेल?”

“हो, कुका.”

मोटरसायकलवाल्याने हॉर्न दिला. कुकांनी काठीवर दोन्ही हात ठेवले, आणि आता ते उठणार असं तिला वाटलं. ती पर्स शोधू लागली. पण ते उठले नाहीत. हॉर्न आणखी एकदा वाजला आणि मग मोटरसायकलवाला दुसरं गिऱ्हाईक घेऊन निघून गेला.

“राहू दे पडून,” ते म्हणाले.

“कुका, तिथे आजी आहे. तुमची जागा आहे.”

“पोर आहे माझं. त्याला शाप देऊ का?”

तिला रडू आवरेना. कुकांनी तिच्याकडे पाहिलं नाही, रागावलेही नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

“तुझा कारकून सगळीकडे लिहितो ना?” त्यांनी विचारलं. “मग त्या पंपवाल्यांना एवढं लिही म्हणावं. तिचं डोकं आंब्याच्या बाजूला आहे. खणताना तिकडून सुरू करू नका.”

तिने शब्द न शब्द लिहिला आणि एन्टर दाबलं. ब्राउझरमध्ये अर्जाचं पान उघडलं, वर सरकलं, खाली सरकलं. मग काळ्या खिडकीत ओळ आली.

‘या मजकुरासाठी अर्जात रकाना नाही. पुढचं काम सांगा.’

“लिहिलं का?” कुकांनी विचारलं.

“लिहिलं,” नासिमियू म्हणाली.